लाल लेट्यूस गच्चीवर: नेरूळमधल्या एका हिवाळी हंगामाच्या नोंदी

जागा: नवी मुंबईतले नेरूळ, चार मजली इमारतीची गच्ची. भाजीचे पाच प्लास्टिक क्रेट, प्रत्येकी सहा रोपे. जाती दोन: लोलो रोसो आणि लाल ओकलीफ. दोन्ही सुट्या पानांच्या, गड्डा न धरणाऱ्या. गड्ड्याचे लेट्यूस इथल्या हवेत सुचवत नाही. गड्डा आवळायला लागणारी सलग थंडी नवी मुंबईत पडत नाही.

५ ऑक्टोबर
जागा आणि तारखा

पाऊस ओसरला, आता ऑक्टोबरचा उकाडा. दुपारी गच्चीवर सावलीत ३५ अंश. लेट्यूसला हवे असतात १५ ते २२ अंश. नवी मुंबईत याच्या जवळपासची हवा साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मिळते, तीही रात्री आणि सकाळी. त्यामुळे हंगाम उलटा मोजावा लागतो. पान भरण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीत पडला पाहिजे. पेरणीपासून रोप तयार व्हायला चार आठवडे, लागवडीपासून पहिल्या तोडणीपर्यंत पाच. म्हणजे पहिली पेरणी ऑक्टोबरच्या मध्यावर, घरात. दुसरी नोव्हेंबरच्या मध्यावर, तिसरी आणि शेवटची डिसेंबरच्या मध्यावर. जानेवारीत पेरलेले रोप ऐन मार्चच्या उन्हात मोठे होते आणि पान भरायच्या आतच फुलावर जाते.

क्रेट कुठे ठेवायचे हे आजच ठरवून घेतले, कारण भरल्यावर ते हलवणे अवघड. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारी इथे सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. दक्षिणेचा कठडा चार फूट उंच असेल तर त्याची सावली गच्चीवर साडेतीन-पावणेचार फूट आत येते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. ऑक्टोबरमध्ये उन्हात दिसणारी कठड्यालगतची जागा डिसेंबरात पूर्ण सावलीत जाते. क्रेट कठड्यापासून पाच फूट आत मांडणार. पश्चिमेच्या भिंतीजवळ एकही नाही, कारण दुपारभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते आणि लाल रंगाला हवी असलेली थंड रात्रच हातची जाते.

बाल्कनीत लावायचे असेल तर दक्षिणेची बाल्कनी घ्यावी. हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने ऊन स्लॅबखालून आतपर्यंत येते. रोज पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर लाल जातीच्या नादी लागू नये. हिरवी जात लावावी, ती अर्ध्या उन्हातही चांगली येते.

१२ ऑक्टोबर
भरण

क्रेटचे बाहेरचे माप ५४ × ३६ × २९ सेमी, आतून थोडे कमी. लेट्यूसची बहुतेक मुळे वरच्या १५ ते २० सेमीत असतात, म्हणून भरण १८ सेमीपर्यंतच. एका क्रेटला साधारण ३० लिटर, पाच क्रेटना १५० लिटर. त्याची वाटणी अशी:

कोकोपीट ६० लिटर (५ किलोची एक वीट फुगून एवढे होते), गांडूळखत ४५ लिटर, चाळलेली लाल माती ३० लिटर, भाताचे तूस १५ लिटर. वर प्रत्येक क्रेटला १०० ग्रॅम निंबोळी पेंड.

लाल माती याहून वाढवू नये. रोपवाटिकेत पोत्याने मिळणारी माती कुंडीत पाणी घालून घालून घट्ट बसते, निचरा थांबतो आणि लेट्यूसची बारीक मुळे गुदमरतात. गच्चीवर वजनाचाही प्रश्न आहे. या मिश्रणाचा भिजलेला क्रेट २५ किलोच्या आसपास जातो, निव्वळ मातीचा त्याच्या दीडपटीहून जास्त.

कोकोपीट नुसते भिजवून वापरले की पुढे पानांच्या कडा करपतात, आणि दोष खताला दिला जातो. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असते. साध्या पाण्याने वरवरचे क्षार निघून जातात, पण काथ्याला चिकटलेले सोडियम-पोटॅशियम तसेच राहते आणि पुढे रोपासाठी दिलेले कॅल्शियम काथ्याच धरून ठेवतो. म्हणून वीट फुगवून दोनदा धुतली, मग २० लिटर पाण्यात ५० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर ठेवली, सकाळी पिळून पुन्हा एकदा धुतली. शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे माप) नळाच्या पाण्याजवळ आला की काम झाले.

क्रेटच्या जाळीतून भरण सांडू नये म्हणून आतून हिरव्या शेडनेटचे दोन पदर. खाली चार विटा, म्हणजे तळ मोकळा राहतो आणि स्लॅबवर पाणी साचत नाही. गच्चीखालच्या घरात ओल उतरली तर बागच बंद करावी लागते, तेव्हा विटांचा कंटाळा करू नये.

भरलेले क्रेट ओलावून महिनाभर तसेच ठेवायचे. निंबोळी पेंड कुजताना उष्णता आणि अमोनिया सोडते. पहिल्या पंधरवड्यात त्यात कोवळे रोप लावले तर मुळे भाजतात.

१७ ऑक्टोबर
बी थंडीत

उन्हाळी भाज्यांची सवय असलेल्या माणसाला हे खटकते, पण लेट्यूसचे बी उष्णतेत उगवत नाही. भरणाचे तापमान २८-३० अंशांच्या वर असेल तर ओले झालेले बी सुप्तावस्थेत जाते. ते मेलेले नसते, पण त्यानंतर गारवा मिळाला तरी लगेच उठत नाही. या दिवसांत घरात दुपारी ३० अंश असतात. इथल्या बहुतेक फसलेल्या पेरण्यांचे कारण हेच. बी बनावट निघाले, जुने निघाले, असे बोलले जाते ते बऱ्याचदा चुकीचे असते.

उपाय सोपा आहे. ओल्या टिश्यू पेपरवर बी पसरले, घडी घातली, डब्यात ठेवून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दोन दिवस. कागद ओलसर हवा, थपथपीत नको. पाण्यात बुडालेल्या बियाला हवा मिळत नाही.

एक ग्रॅममध्ये साधारण ८०० ते १००० बिया असतात, म्हणजे सर्वांत लहान पाकीटही घरच्या बागेला दोन हंगाम पुरते, जर नीट ठेवले तर. इथल्या दमट हवेत कपाटातले बी एका पावसाळ्यात निकामी होते. घट्ट झाकणाच्या बाटलीत सिलिका जेलची पुडी घालून फ्रिजमध्ये ठेवावे.

१९ ऑक्टोबर
पेरणी

९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे. तीन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग बारीक चाळणीतून चाळलेले गांडूळखत. अर्ध्या ट्रेत फ्रिजमधले बी, तुलनेसाठी उरलेल्या अर्ध्यात पाकिटातले कोरडे बी. प्रत्येक कप्प्यात दोन बिया.

बी खोल घालायचे नाही. ३ मिमी पुरे. वर बोटाच्या चिमटीने जेमतेम भुरभुरलेले कोकोपीट. लेट्यूसच्या बियाला उगवायला उजेड लागतो आणि या बाबतीत हे बी वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या लेट्यूसच्या बियांवर दाखवले की लाल प्रकाश मिळाला तर बी उगवते, त्यानंतर लगेच अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) प्रकाश दिला तर थांबते, पुन्हा लाल दिला तर पुन्हा उगवते. शेवटचा प्रकाश कोणता, यावर ठरते. झाडाच्या पानांतून गाळून खाली येणाऱ्या उजेडात अतिलाल भाग जास्त असतो, त्यामुळे दाट सावलीत पडलेले बी वाट पाहत राहते. आपल्यासाठी अर्थ एवढाच: पेरलेला ट्रे मनीप्लँटच्या किंवा तुळशीच्या सावलीत सरकवून ठेवू नये. उघड्या उजेडाच्या खिडकीशी ठेवावा.

ट्रेखाली ताटलीत पाणी, बाजूने ओले गोणपाट. पावसाळा संपून हवा कोरडी होऊ लागल्यामुळे गोणपाटावरून पाणी उडते आणि ट्रे खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड राहतो. दुपारी एकदा गोणपाट पुन्हा भिजवायचे.

२३ ऑक्टोबर
उगवण

थंड केलेल्या बाजूचे जवळपास सगळे कप्पे हिरवे. कोरडे पेरलेल्या बाजूला निम्मेही नाहीत आणि जे आले तेही मागेपुढे.

दोन दळे दिसताच ट्रे गच्चीच्या जिन्यातल्या उजेडाच्या जागी. या टप्प्यावर दोन दिवस अंधुक उजेडात गेले तरी रोप लांबुडके होते, मान टाकते आणि पुढे कधीच बुंध्याने भरत नाही. असे रोप खोल लावून वाचवता येते ही समजूत टोमॅटोची आहे. लेट्यूसचा कोंब मातीखाली गेला की कुजतो.

३१ ऑक्टोबर
विरळणी, आणि रोपे कोलमडणे

पहिले खरे पान आले. प्रत्येक कप्प्यात एकच रोप ठेवले. दुसरे कात्रीने जमिनीलगत कापायचे, उपटायचे नाही, नाहीतर शेजारच्याची मुळे तुटतात.

ट्रेच्या एका कोपऱ्यात चार-पाच रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. ही कोलमड. पिथियमसारख्या बुरशा सतत ओल्या आणि हवा न खेळणाऱ्या भरणात वाढतात. ते कप्पे भरणासकट काढून टाकले. बाकीच्या ट्रेला ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची आळवणी, लिटरला ५ ग्रॅम. यापुढे पाणी फक्त ताटलीतून, खालून. वरचा थर फिका दिसू लागला की ताटलीत पाणी, अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकायचे.

९ नोव्हेंबर
ऊन लावणे

तीन खरी पाने. १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

रोपे अजून हिरवी आहेत आणि इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो पानाच्या वरच्या पेशींत तयार होतो आणि तीव्र उन्हापासून पानाचे रक्षण करतो. गरज नसेल तर रोप तो बनवत नाही. निळा आणि अतिनील प्रकाश त्याची निर्मिती सुरू करतो. खिडकीची काच अतिनील-बी अडवते, पॉलीकार्बोनेटचे पत्रे तर जवळपास सगळा अतिनील भाग अडवतात. सरकत्या काचांनी बंद केलेल्या बाल्कनीत लोलो रोसो फिकट हिरवी राहते ती यामुळे. बियांत काही खोट नसते.

आजपासून ट्रे बाहेर: दोन दिवस सकाळचे दोन तास, मग चार, मग दुपारपर्यंत. आठवडाभरात पानांच्या कडांना तांबूस झाक आली पाहिजे. एकदम दिवसभराच्या उन्हात ठेवले तर कोवळ्या पानांवर पांढरे भाजल्याचे डाग पडतात.

१६ नोव्हेंबर
लागवड

संध्याकाळी पाचनंतर. क्रेटमध्ये दोन ओळी, ओळीत तीन रोपे, अंतर १८ ते २० सेमी. रोप कप्प्यातून खालून दाबून काढायचे, बुंध्याला धरून ओढायचे नाही. मुळांचा गड्डा भरणाच्या पातळीला किंवा किंचित वर. मधला कोंब उघडा राहिलाच पाहिजे. लावल्यावर प्रत्येक रोपाला पाव लिटर पाणी.

वर ५० टक्क्यांची शेडनेट, फक्त चार दिवस. पाचव्या दिवशी काढायची, नाहीतर ती तशीच राहते आणि रंग जातो.

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या कमानी आणि त्यावर २ सेमी घरांची नायलॉन जाळी. बुलबुल कोवळ्या लेट्यूसची पाने कडेने टोचून खातो, कबुतरे रोपे उकरतात. ठाण्यात येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांनी माकडांचाही विचार करावा, तिथे नायलॉनची जाळी पुरत नाही.

२४ नोव्हेंबर
पाणी

सकाळी सातच्या आत, बुंध्याशी. एका क्रेटला दीड लिटर, वारा कोरडा असेल त्या दिवशी दोन. बोट दोन पेरे आत घालून वापसा पाहावा. चिकट लागले तर त्या दिवशी पाणी नाही. एक दिवस कोरडे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट, हे लेट्यूसला सर्वांत वाईट. पुढे पानांची टोके जळण्याचे आणि कडवटपणाचे मूळ यातच असते.

नेरूळला मोरबे धरणाचे पाणी येते, त्याबद्दल तक्रार नाही. रात्रभर उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीनचा वासही जातो. प्रश्न येतो टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने. खाडीलगतच्या भागात बोअरचे पाणी मचूळ असते आणि लेट्यूस क्षारांना नाजूक पीक आहे. मुळांशी क्षारता १.३ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटू लागते. बादलीत टीडीएस मीटर बुडवून पाहावा, ३०० पीपीएमच्या आत असेल तर निर्धास्त वापरावे. जास्त असेल आणि दुसरे पाणी नसेल तर दर आठवड्याला एकदा तळातून भरपूर पाणी निघेपर्यंत क्रेट धुवावा, म्हणजे साचलेले क्षार खाली उतरतात.

रंगीत क्रेट उन्हात तापतो आणि कडेची मुळे भाजतात. बाहेरून पांढऱ्या सिमेंटच्या गोण्या उलट्या करून गुंडाळल्या. फरक हाताला जाणवतो.

३ डिसेंबर
मावा

लोलो रोसोच्या झालरीत मावा लपून बसतो, वरून दिसत नाही. पान उलटून मधल्या कोवळ्या पानांच्या बुडाशी पाहावे. क्रेटवर मुंग्यांची रांग दिसली की मावा आहेच असे धरावे. मुंग्या त्याचा गोड स्राव खातात आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. विटांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या की रांग तुटते.

पहिला उपाय पाण्याचा जोरकस फवारा, सकाळी, पानांच्या खालून, सलग तीन दिवस. तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी तेल ५ मिली आणि सौम्य द्रव साबण १ मिली, एक लिटर पाण्यात, सूर्य मावळल्यावर. तोडणीच्या आधीचा आठवडा फवारणी बंद, कारण कडवट चव आणि वास झालरीतून धुऊन जात नाही. म्हणून आत्ताच फवारले. पुढे फक्त पाणी.

दोन पानांवर नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. अळी पानाच्या दोन थरांमध्ये असते, फवारणी तिथपर्यंत पोचत नाही. पान तोडून पिशवीत बांधून टाकले.

१५ डिसेंबर
रंग

गच्चीवरची पहाट १७-१८ अंशांवर आली आणि पाच दिवसांत क्रेटचे रूप पालटले. लोलो रोसोच्या झालरी गडद किरमिजी, बुडाशी हिरव्या. ओकलीफ पूर्ण तांबूस. हंगामातला हा सर्वांत समाधानाचा आठवडा.

थंड रात्रीत वाढ मंदावते, दिवसा पानात तयार झालेली साखर खर्च न होता उरते आणि तिच्या आधाराने रंगद्रव्य साठत जाते. गरम रात्री याच्या उलट होते, रंग बनणे कमी आणि मोडणे जास्त. त्यामुळे एकाच रोपाची नोव्हेंबरातली पाने हिरवट आणि आताची लाल, हे स्वाभाविक आहे.

पाण्याच्या टाकीजवळच्या पाचव्या क्रेटवर दुपारी दोननंतर सावली येते. बी तेच, भरण तेच, खत तेच, तरी रंग निम्मा. पाने मात्र मोठी आणि मऊ. रंगासाठी म्हणून विकली जाणारी कोणतीही पुडी हा फरक भरून काढत नाही. उलट नत्र जास्त झाले की पान भराभर वाढते आणि हिरवे होते. युरिया लेट्यूसला घालूच नये.

एक ओळखायला हवे. जुनी, खालची पाने मळकट जांभळी, तीही पाठीकडून, आणि रोप खुरटलेले, तर तो स्फुरदाच्या कमतरतेचा रंग आहे. निरोगी लाली वरच्या, उन्हाकडच्या बाजूला आणि चमकदार असते.

२१ डिसेंबर
पहिली तोडणी

सकाळी ऊन चढायच्या आत. रात्री पानांत पाणी भरलेले असते, दहानंतर तोडलेले पान तासाभरात लोळते. बाहेरची पाने बुडाशी कात्रीने कापायची, मधली पाच-सहा ठेवायची. एका रोपाकडून दर आठ-दहा दिवसांनी असे तीन-चारदा घेता येते. कापल्या जागी पांढरा चीक येतो, तो लेट्यूसचा स्वभावच आहे.

पाने दहा मिनिटे गार पाण्यात, झालरी उघडून हलवायच्या, मग निथळून सुती पंच्यात गुंडाळून डब्यात. फ्रिजमध्ये केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्याशेजारी ठेवू नयेत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे लेट्यूसच्या शिरेवर तपकिरी ठिपके पडतात.

कच्चेच खावे, शिजवले की रंग मळतो आणि हाती काही राहत नाही. काकडी, डाळिंबाचे दाणे, भाजलेल्या शेंगदाण्याचे जाडसर कूट, वरून लिंबू. लिंबाच्या आंबटपणाने लाली आणखी खुलते. मीठ अगदी वाढताना, आधी घातले तर पाणी सुटून पान मलूल पडते.

तोडणीनंतर प्रत्येक रोपाला दोन मुठी गांडूळखत बुंध्यापासून जरा दूर. जीवामृत, शेणाची स्लरी यांचा गच्चीवर पुष्कळजण वापर करतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानभाजीवर ते नको. शेणातले जंतू झालरीत राहतात आणि धुऊन पूर्ण जात नाहीत.

६ जानेवारी
पानांची टोके जळणे

दुसऱ्या तोडणीनंतर वाढ जोरात आहे आणि लोलो रोसोच्या अगदी आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या. पुस्तकात कारण कॅल्शियमची कमतरता असे दिलेले असते, आणि मग लोक अंड्याची टरफले कुटून घालतात. टरफल विरघळायला काही महिने लागतात, आणि मुळात भरणात कॅल्शियम कमी नसतेच. ते पानापर्यंत पोचत नाही, हा खरा प्रश्न. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते, आणि पाणी जाते तिकडे, जिथून बाष्प उडते, म्हणजे बाहेरच्या मोठ्या पानांकडे. मधली पाने झाकलेली, दमट, बाष्प न सोडणारी. भराभर वाढताना त्यांच्या वाट्याला कॅल्शियम येत नाही आणि कडेच्या पेशी फुटतात.

म्हणून केले ते असे: बाहेरची पाने जरा सढळ हाताने काढून मध्याला हवा दिली, द्रवखत दोन आठवडे बंद, पाण्याची वेळ आणि माप काटेकोर. कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, फवारा थेट मधल्या पानांवर, कारण बाहेरच्या पानांवर पडलेले कॅल्शियम आत सरकत नाही. जळलेली कड पुन्हा बरी होत नाही, नवीन पान पाहूनच उपाय लागू पडला का ते ठरवायचे. ओकलीफला हा त्रास जवळजवळ नाही, तिची पाने मोकळी असतात.

२२ जानेवारी
दव आणि धूळ

पहाटे पानांवर दव. वरून फिकट पिवळे, शिरांनी अडवलेले कोनाकोनाचे डाग आणि पाठीमागे पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा रोग. जमिनीला टेकलेली पाने काढली, जाळी दिवसा उघडी ठेवली. या काळात पाणी पानांवर अजिबात नाही, अपवाद एक: बांधकामांची धूळ. थर बसला की आठवड्यातून एकदा सकाळी पाने धुवायची, म्हणजे ऊन चढेपर्यंत वाळतात.

डिसेंबरच्या पेरणीची रोपे आज पहिल्या दोन क्रेटमध्ये, दमलेल्या रोपांच्या जागी.

९ फेब्रुवारी
दांडा

दुपार ३३ अंशांवर. रोपाचा मध्य वर उचलला गेला, नवीन पाने अरुंद आणि टोकदार. कांद्याला डेंगळे येतात तसे लेट्यूस फुलावर निघाले. मोठा दिवस आणि उष्णता दोन्ही याला कारण असतात, पण इथे फेब्रुवारीतला दिवस अजून बारा तासांचाही नसतो, म्हणजे नवी मुंबईत दोष मुख्यतः उष्णतेचा. दांडा सुरू होताच चीक वाढतो आणि त्यातले लॅक्टुसिन पानाला कडू करते. दांडा खुडून काही साधत नाही, कडवटपणा परत जात नाही.

ज्या रोपांचा मध्य अजून बसका आहे त्यांच्यावर अकरा ते चार शेडनेट. आता रंगाची हौस सोडून पान वाचवायचे. त्याने दोन-अडीच आठवडे मिळतात. दांडा निघालेली रोपे आजच पूर्ण कापली. किंचित कडू पान खालच्या शिरेशिवाय, दही-साखरेच्या कोशिंबिरीत चालून जाते.

प्रत्येक जातीचे सर्वांत उशिरा दांडा धरणारे एकेक रोप बियाण्यासाठी राखले. सर्वांत आधी फुललेल्या रोपाचे बी धरू नये, पुढच्या वर्षी तीच घाई वाट्याला येते.

२६ मार्च
बी

फुले लहान, पिवळी, सकाळी काही तासच उघडी. लेट्यूसमध्ये स्वपरागण होते, त्यामुळे दोन जाती गच्चीच्या दोन टोकांना ठेवल्या तरी बी जातिवंत राहते. फूल मिटल्यापासून दोन-तीन आठवड्यांत पांढरी कापशी दिसते, ती दिसली की बी तयार. सगळे एकदम पिकत नाही. दर दोन दिवसांनी तुरा कागदी पिशवीत वाकवून झटकायचा. उशीर केला तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर बी शेजारच्या गच्चीवर जाते. सावलीत आठवडाभर वाळवून, पाखडून, बाटलीत, फ्रिजमध्ये.

१० एप्रिल
क्रेट

मुळे काढून भरण मोकळे केले, ओलावून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकले. एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे असे तापवले की कोलमडीची बुरशी आणि फुलकिड्यांचे कोष बरेचसे मरतात. जूनच्या आधी प्रत्येक क्रेटला ७ लिटर गांडूळखत, आणि पावसाळ्यासाठी दोन क्रेटमध्ये अळू, तीनमध्ये मायाळू.